वेताची बैठक घरी विणताना: टोनेटच्या १४ नंबर खुर्चीसाठी पहिल्यापासून मार्गदर्शन

टोनेटची १४ नंबर म्हणजे वाकवलेल्या लाकडाची, वेताच्या गोल बैठकीची जुनी खुर्ची. ती आधी उलटी करा. जमिनीवर जुनी चादर अंथरा, खुर्ची तिच्यावर पालथी घाला आणि बैठक खालून नीट बघा. गोल कड्याच्या आतल्या काठालगत ओळीनं भोकं दिसली, तर ती बैठक हातानं विणायची आहे आणि हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी आहे. भोकं नसतील आणि वरच्या बाजूला कड्यात एक खाच गोल फिरलेली असेल, तर ती यंत्रावर विणलेल्या तयार जाळीची बैठक. तिचं काम वेगळं आणि बरंच सोपं आहे, ते शेवटाकडे सांगते.

माझ्या खुर्चीचं तिसरंच काहीतरी होतं. आजोबांच्या वेळची खुर्ची. वेत फाटल्यावर कुणीतरी प्लायचा गोल तुकडा खिळ्यांनी ठोकून त्यावर रेक्झिन चढवलं होतं. प्लाय उचकटला तेव्हा खाली ७६ भोकं जशीच्या तशी होती, पण खिळ्यांनी कड्याला चार ठिकाणी चिरा पाडल्या होत्या. विणायला मला सहा संध्याकाळी लागल्या आणि त्या चिरा भरायला त्याहून जास्त वेळ गेला. म्हणून पहिलं सांगणं हेच: या खुर्चीवर खिळा मारू नका. उघडून, दुरुस्त करून पुन्हा जोडता येईल अशीच तिची रचना आहे.

लाकूड वाकलं कसं

हे माहीत असलं की दुरुस्तीतल्या निम्म्या चुका टळतात, म्हणून इथे थोडी थांबते.

मिखाएल टोनेट (आपल्याकडे कुणी थोनेट म्हणतात, जर्मन उच्चार टोनेट) हा ऱ्हाईन नदीकाठच्या बोपार्ड गावचा सुतार. जन्म १७९६ चा. १८३० नंतर तो लाकडाच्या पातळ पट्ट्या गरम सरसात भिजवून, साच्यात वाकवून खुर्च्या करू लागला. १८४१ मध्ये कोब्लेंझच्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटरनिख यानं त्याचं काम पाहिलं आणि पुढच्या वर्षी टोनेट व्हिएन्नाला गेला. पण सरसानं चिकटवलेले थर दमट हवेत सुटतात. यावरचा उपाय म्हणजे थर न करता अखंड दांडाच वाकवणं. १८५६ मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं आणि मोरावियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, कोरिचानी इथे बीच नावाच्या झाडांच्या जंगलाजवळ कारखाना उभा राहिला. १८५९ मध्ये तिथून जी खुर्ची बाहेर पडली ती १४ नंबरची.

वाफेत तापलं की लाकूड मऊ पडतं. मऊ पडलेलं लाकूड दाबलं तर बरंच आक्रसतं, पण ताणलं तर फार थोडं लांबतं आणि मग फाटतं. दांडा वाकवताना आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते, त्यामुळे तो नेहमी बाहेरून फुटतो. टोनेटनं बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी बसवली आणि तिची दोन्ही टोकं दांड्याला घट्ट आवळली. आता ताण पट्टी घेते, लाकडाच्या वाट्याला फक्त दाब येतो. असा दांडा लोखंडी साच्यावर वाकवायचा आणि वाळेपर्यंत तिथेच जखडून ठेवायचा.

यातून आपण काय घ्यायचं? तुमच्या खुर्चीची चीर वळणाच्या बाहेरच्या बाजूला असेल तर तिथे आधीपासून ताण आहे. तो दांडा कोरडा असताना दाबून सरळ करायला किंवा आणखी वाकवायला जाऊ नका. चिरेत पातळ केलेला पांढरा गोंद सरकवा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा आणि दिवसभर हात लावू नका. ट्यूब गोल दांड्यावर सगळीकडून सारखी आवळते, शिकंज्याला ते जमत नाही.

या खुर्चीत लाकडाचे भाग फक्त सहा: पाठ आणि मागचे दोन पाय मिळून एकच लांब वाकवलेला दांडा, पाठीतली आतली कमान, बैठकीचं कडं, पुढचे दोन पाय आणि खाली पायांना बांधून ठेवणारं कडं. जोडायला दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि पोचल्यावर तिथेच जोडल्या जात. १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली, मग याकोब आणि योझेफ कोन यांच्यासारखे इतर कारखानदारही अशाच खुर्च्या करू लागले. १९३० पर्यंत या एका खुर्चीचा खप पाच कोटींच्या घरात गेल्याचं सांगतात. तेव्हा वाकवलेल्या लाकडाची प्रत्येक जुनी खुर्ची टोनेटचीच असते असं नाही. कड्याच्या आतल्या अंगाला किंवा खालच्या बाजूला ठसा किंवा कागदी लेबलाचा तुकडा आहे का ते बघा, आणि असेल तर तिथे पॉलिश पेपर अजिबात लावू नका.

मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलाभोवती दिसणाऱ्या काळसर खुर्च्या याच कुळातल्या. मात्र त्यांची बैठक पुष्कळदा वेताची नसते, ठसा उमटवलेल्या प्लायची असते. तुमच्याकडे तशी असेल तर ती काढून वेत बसवायच्या फंदात पडू नका. ती मूळचीच आहे आणि तिच्या कड्याला भोकंही नसतात.

विकत घेताना

घरात खुर्ची नसेल तर मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीटला चक्कर मारा, किंवा आपल्या गावातल्या जुन्या फर्निचरवाल्याकडे विचारा. फाटलेल्या वेताची चिंता करू नका, उलट त्यामुळे भाव उतरतो. पाहायचं ते लाकूड. पाठ दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. हलत असेल तर बहुतेक स्क्रू ढिले आहेत, ते निस्तरता येतं. पण बैठकीचं कडं भोकांच्या ओळीवर फाटलं असेल तर नवशिक्यानं ती खुर्ची सोडून द्यावी, कारण विणकामाचा सगळा ताण त्याच ओळीवर येतो. पायाशी पिवळसर बारीक भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे. अशी खुर्ची घरातल्या बाकीच्या लाकडाजवळ आणू नका.

सामान

विणायला लागतो तो वेताच्या बाहेरच्या चकचकीत सालीचा पट्टा. बाजारात त्याला नुसतं केन किंवा केनची पट्टी म्हणतात. वेत बांबूसारखा पोकळ नसतो. तो ताडाच्या कुळातला काटेरी वेल, आतून भरीव. आतल्या गाभ्याच्या काड्या टोपल्यांना वापरतात, खुर्चीला साल. केनचं फर्निचर करणाऱ्या कारागिराकडे मागितलात तर तो प्लॅस्टिकची पट्टी पुढे करेल, कारण कचेरीच्या खुर्च्यांना आता तीच वापरतात. "नैसर्गिक वेताची साल, खुर्ची विणायची" असं स्पष्ट सांगा. प्लॅस्टिक भिजत नाही, त्यामुळे वाळताना आवळतही नाही.

पट्टीची रुंदी अंदाजानं घेऊ नका. दोन शेजारच्या भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. ते १२-१३ मिलिमीटर असेल तर सव्वादोन ते अडीच मिलिमीटर रुंदीची पट्टी, १९ च्या आसपास असेल तर तीनची. जाड पट्टी घेतली तर शेवटच्या दोन फेऱ्यांत भोकं गच्च भरतात आणि पट्टी आत शिरत नाही. एका गोल बैठकीला साधारण ७५ मीटर लागते. नवशिक्यानं थोडी जास्तच घ्यावी, तुटतेच. त्याशिवाय किनारीसाठी पाच मिलिमीटर रुंदीची दीड मीटर पट्टी.

खुंट्या हव्यात दहा-बारा. बांबूच्या कामट्या पेन्सिलीसारख्या तासून घेतल्या की झालं. त्या भोकात घट्ट बसल्या पाहिजेत आणि हातानं निघाल्याही पाहिजेत. एक टोच्या, एक दाभण, कात्री, परात, स्पंज. बस्स.

जुना वेत काढणं

भोकांच्या आतून कटरनं गोल फिरवत जाळी कापा आणि तो गोल तुकडा टाकू नका. पुढे कधी गोंधळलात तर तोच तुमचा नकाशा. किनार टोच्यानं उचलून सोडवा. भोकांत अडकलेले तुकडे खालून खिळ्यानं ढकला. ड्रिल मशीन लावू नका, भोक मोठं होतं आणि दोन भोकांमधलं लाकूड आधीच थोडं असतं. एकूण एक भोक मोकळं झालं का ते कड्याआडून उजेड बघून तपासा.

लाकडाचं सगळं काम आत्ताच उरका. स्क्रू ढिला असेल तर भोकात गोंद लावलेली आगकाडी सारून तोच स्क्रू परत बसवा. पुढचा पाय डगडगत असेल तर ओढण्याआधी तो फिरवून बघा, कारण जुन्या खुर्च्यांत पायाच्या टोकाला लाकडातच आटे कापलेले असू शकतात. पॉलिशही आधीच करायचं. लाखेच्या पॉलिशचे दोन पातळ हात पुरतात. नवा वेत बसल्यावर ब्रश फिरवलात तर डाग वेतावर बसतो, आणि तो निघत नाही.

भिजवणं

पट्ट्या सैलसर वेटोळी करून कोमट पाण्यात १५-२० मिनिटं ठेवा. एका वेळी तीनच पट्ट्या. रात्रभर भिजवल्या तर साल काळवंडते, तकाकीही जाते. पट्टी बोटाभोवती न चरचरता वळली की तयार. काम करताना ती कोरडी पडली तर पुन्हा बुडवा. कोरडी पट्टी भोकाच्या कडेवर वळवली की तिथेच चिरते.

पट्टीला पेरं असतात. चकचकीत बाजूवर नख फिरवा. एका दिशेनं ते घसरत जातं, उलट दिशेनं पेरावर अडकतं. ज्या टोकाकडून निघाल्यावर नख घसरत जातं ते टोक पुढे ठेवून ओढायचं. पहिल्या तीन फेऱ्यांत याचं फार अडत नाही, चौथीपासून मात्र उलटी पट्टी प्रत्येक फटीत अडकते आणि तिची किनार उसवते.

सहा फेऱ्या

पहिली फेरी उभी, म्हणजे मागून पुढे. पाठीकडच्या बाजूचं बरोबर मधलं भोक शोधा, त्याच्या समोरचं पुढचं मधलं भोक शोधा आणि दोन्हीवर पेन्सिलीची खूण करा. पट्टीचं टोक मागच्या मधल्या भोकातून खाली सोडा, वीतभर शेपूट ठेवा, वर खुंटी ठोका. चकचकीत बाजू वर. पट्टी पुढच्या भोकात घाला, खालून शेजारच्या भोकात नेऊन वर काढा, परत मागे आणा. असं एका बाजूला काठापर्यंत, मग मध्यापासून दुसऱ्या बाजूला.

गोल बैठकीची खरी अडचण इथे आहे. भोकं वर्तुळात सारख्या अंतरावर असतात, पण पट्ट्या एकमेकींना समांतर जायला हव्यात. मध्यभागी शेजारचं भोक आणि शेजारची पट्टी यांचं जमतं. कडेला सरकाल तसं वर्तुळ वळतं आणि शेजारचं भोक धरलं तर पट्ट्या जवळजवळ येतात. तिथे एखादं भोक सोडायचं. कुठलं, ते भोकं मोजून नाही, पट्ट्यांमधलं अंतर बघून ठरवायचं. डाव्या बाजूला जे भोक सोडलं त्याच्या बरोबर समोरचं उजव्या बाजूला सोडा. मी एका बाजूला तिसरं सोडलं आणि दुसऱ्या बाजूला चौथं. तिरप्या फेऱ्यांपर्यंत ते लक्षात आलं नाही आणि मग अर्धी बैठक उसवावी लागली.

ताण किती ठेवायचा? बाज विणलेली माणसं इथे चुकतात. बाजेचा सुंभ पहिल्यापासून खेचून बांधतात. इथे पहिल्या फेरीची पट्टी मध्यावर बोटानं दाबली तर सेंटीमीटरभर खाली जायला हवी. पुढच्या पाच फेऱ्या तिला वर-खाली ओढणार आहेत आणि वाळल्यावर वेत आणखी आवळणार आहे. पहिल्याच फेरीत ताठ केलीत तर चौथ्या फेरीत दाभण घालायलाही जागा उरत नाही.

दुसरी फेरी आडवी, डावीकडून उजवीकडे. विणायचं काही नाही, पहिल्या फेरीवरून नुसती ठेवत जायची. तिसरी पुन्हा उभी, पहिल्या फेरीच्याच भोकांतून, सगळ्यांच्या वरून, आणि प्रत्येक पट्टी पहिल्या पट्टीच्या किंचित उजवीकडे. इथपर्यंत सगळं हलतं आणि घसरतं, चौकट काही धरतच नाही. नवशिका इथे घाबरतो. घाबरू नका, अजून काही गुंफलेलंच नाही.

चौथ्या फेरीत खरं विणकाम सुरू होतं. आडवी पट्टी, दुसऱ्या फेरीच्या पुढच्या अंगाला. प्रत्येक उभ्या जोडीत तिसऱ्या फेरीच्या पट्टीवरून आणि पहिल्या फेरीच्या पट्टीखालून. एक हात वर, एक हात बैठकीखाली. चार-पाच जोड्या झाल्या की पट्टी ओढून घ्या, शेवटपर्यंत थांबलात तर घर्षणानं तुटते. प्रत्येक ओळीनंतर स्पंजनं जाळी ओली करा. फेरी पूर्ण झाली की दोन खुंट्यांच्या टोकांनी उभ्या जोड्या एकमेकींजवळ सारा, मग आडव्या. ओली असतानाच. चौकोनी घरं सारखी दिसायला लागली की पुढे जा. इथे अर्धा तास दिलात तर तिरप्या फेऱ्या सहज जातात.

मला हे काम ज्यांनी शिकवलं ते काका दृष्टिहीन होते. अंध विद्यार्थ्यांना केनिंग शिकवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि कितीतरी कचेऱ्यांतल्या खुर्च्या अशाच हातांनी विणल्या. मी चौथी फेरी दाखवायला गेले तेव्हा त्यांनी अंगठा जाळीवरून एकदा उभा, एकदा आडवा फिरवला आणि मधल्या एका जागेवर थांबले. "इथे तू दोन्हीवरून गेलीस बघ." मी अगदी वाकून पाहिलं तेव्हा मला ते दिसलं. तेव्हापासून मीही प्रत्येक फेरीनंतर डोळे मिटून अंगठा फिरवते. गुंफण बरोबर असेल तर अंगठ्याला सारखा खरखरीतपणा लागतो, चुकलेल्या जागी एक सैल, उंच पट्टी सरकते.

पाचवी फेरी तिरपी. एका तिरक्या दिशेनं जाताना पट्टी उभ्या जोडीवरून आणि आडव्या जोडीखालून न्या. पहिली हातभर झाली की थांबा आणि ओढून बघा. पट्टी जोड्यांच्या कोपऱ्यात अलगद बसली आणि मागे-पुढे सरकली तर बरोबर. जोड्यांना घासत, अडकत गेली तर काढा आणि नेम उलटा करा, म्हणजे उभ्याखालून, आडव्यावरून. हे तुमच्या चौथ्या फेरीची गुंफण कुठल्या अंगानं पडली त्यावर ठरतं, म्हणून आधीच पाठ करून ठेवण्यात अर्थ नाही. सहावी फेरी दुसऱ्या तिरप्या दिशेनं, आणि तिचा नेम पाचवीच्या बरोबर उलटा.

तिरप्या फेऱ्यांत काही भोकांत दोन पट्ट्या जातील, काही भोकं मोकळी राहतील. चालतं. पट्टी सरळ गेली पाहिजे, भोकासाठी ती वाकता कामा नये. इथे भोकं भरत आलेली असतात. पट्टीचं टोक तिरकं कापा आणि टोच्यानं हलकीच वाट करून द्या. जोर केलात तर आधीच्या पट्ट्या चिरतात. सहावी फेरी मध्यावर आली की चौकोनी घरांची आठ कोनांची घरं होताना दिसू लागतात. पहिल्यांदा विणताना ते पाहणं हाच सगळ्यात मोठा आनंद आहे.

शेपटं बांधायची ती खालच्या बाजूला. प्रत्येक टोक शेजारच्या दोन भोकांमधल्या फासाखालून दोनदा फिरवा, ओढा, बोटाचं पेर उरेल इतकं ठेवून कापा. गाठ ओली असताना बांधा, कोरडी निसटते. प्रत्येक फेरी संपली की बांधत चला. सगळी शेवटी बांधायची म्हटलीत तर खाली गुंता होतो आणि खुंट्याही अपुऱ्या पडतात.

किनार

रुंद पट्टी भिजवा आणि भोकांवरून गोल ठेवा. मागच्या मध्यापासून सुरुवात करा म्हणजे जोड पाठीखाली लपतो. आता विणायची बारीक पट्टी भोकातून वर काढायची, रुंद पट्टीवरून नेऊन त्याच भोकातून खाली घालायची आणि पुढच्या भोकाकडे जायचं. भोकं गच्च असतील तर एकाआड एक टाके घेतले तरी चालतात. रुंद पट्टीची दोन टोकं एकमेकींवर तीन-चार भोकं इतकी चढवा आणि दोन्ही मिळून टाक्यात धरा.

तंतू निघालेले दिसतील, ते कात्रीनं कापा. मेणबत्तीनं जाळून काढणारे कारागीर आहेत, पण हात बसलेला नसेल तर तसं करू नका.

मग दोन दिवस बसायचं नाही. उन्हातही ठेवायचं नाही. पंख्याखाली, सावलीत. वाळताना वेत हलकेच कुरकुरतो, आणि दुसऱ्या दिवशी टिचकी मारलीत तर ताणलेल्या कातड्यासारखा आवाज येतो.

खाचेची, तयार जाळीची बैठक

खाचेतली गोल पट्टी कोमट पाण्याच्या फडक्यानं भिजवत मऊ करा आणि अरुंद पटाशीनं उचलून काढा. जुना गोंद खरवडा. जाळी खाचेपेक्षा सगळीकडून दोन-तीन सेंटीमीटर मोठी कापून अर्धा तास भिजवा. मागे, पुढे, डावीकडे, उजवीकडे अशा चार ठिकाणी लाकडी पाचरीनं खाचेत दाबा आणि मग मधल्या जागा भरा. एकाच बाजूनं सुरुवात करून फिरत गेलात तर जाळी तिरपी बसते. खाचेच्या बाहेरच्या काठाला जादा जाळी कापा, खाचेत पांढरा गोंद भरा आणि भिजवलेली नवी गोल पट्टी लाकडी हातोडीनं ठोकून बसवा. दोन तासांचं काम.

निगा

वेताच्या बैठकीवर गुडघा टेकू नका आणि दिवा बदलायला उभं राहू नका. वजन पसरलं तर ती वर्षानुवर्षं टिकते, एका जागी आलं की फाटते. वरून जाड वार्निश फासू नका. चकचकीत सालीवर ते धरत नाही आणि काही महिन्यांत पापुद्रे सुटतात.

बैठक सैल पडली तर खुर्ची उलटी करा आणि खालच्या बाजूनं कोमट ओलं फडकं अर्धा तास ठेवा. वरची साल पाणी फारसं घेत नाही, खालची बाजू घेते. रात्रभर वाळू द्या, सकाळी बैठक आवळलेली असते. सतत एसी असलेल्या खोलीत वेत कोरडा पडून ठिसूळ होतो, तिथे महिन्यातून एकदा खालून ओला स्पंज फिरवा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात याच्या उलट करायचं: खुर्ची भिंतीला चिकटवून ठेवू नका, गादी घातली असेल तर ती काढा. गादीखाली ओल धरली की बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते पट्टीच्या आत उतरतात.

एखादी पट्टी तुटली तर लगेच बदला. खालून दोन्ही टोकं मोकळी करून नवी पट्टी त्याच वाटेनं गुंफता येते. त्यासाठी उरलेली मीटर-दोन मीटर पट्टी कोरडी गुंडाळून खुर्चीच्या खालच्या कड्याला सुतळीनं बांधून ठेवा. हवी तेव्हा नेमकी त्याच रुंदीची पट्टी पुन्हा मिळत नाही.